मानेचा काळेपणा लिंबानं जात नाही

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार वि. वि.

गेल्या आठवड्यात आपल्या महिला पुरवणीत मानेचा काळेपणा घालवायचे घरगुती उपाय आले होते. लिंबाची फोड, बेसन-दही, खायचा सोडा, बटाट्याचा रस. त्याच दुपारी एक मुलगी माझ्याकडे लग्नाचे ब्लाऊज शिवायला टाकायला आली. पुरवणीचं ते पान घडी घालून तिनं पर्समध्ये आणलं होतं. म्हणाली, "काकी, वीस दिवस राहिलेत. तेवढ्यात मान उजळेल का? नाहीतर मागचा गळा बंदच करा."

तिला जे सांगितलं तेच इथं लिहिते आहे. मानेच्या निमित्तानं हे पत्र पीसीओडी म्हणजे पॉलिसिस्टिक ओव्हरी (अंडाशयात बारीक गाठी) असं नाव पडलेल्या आजाराबद्दल आहे. त्यात पाळीही चुकते आणि साखरही वाढू शकते. पत्र लांबलंय. जागा कमी पडली तर माझ्या घरचा भाग गाळा, पण तपासणीचा भाग गाळू नका, एवढी विनंती.

मंगळवार पेठेत मी बावीस वर्षं शिलाईकाम करते. घराच्या पुढच्या खोलीत तीन मशिनं आहेत, हाताखाली दोघी जणी आहेत. लग्नसराईत दिवसाला पंधरा-वीस जणींची मापं घेते. मागच्या गळ्याची खोली ठरवायची तर मानेच्या मणक्यावर टेप टेकवावा लागतो, म्हणून मी बाईला वेणी वर धरायला सांगते. त्यामुळं बायकांच्या माना जेवढ्या मी बघितल्या आहेत तेवढ्या कुणी क्वचितच बघितल्या असतील.

काही मुलींच्या मानेवर काळा पट्टा असतो. उन्हानं रापलेली मान वेगळी. ती सपाट असते आणि गळ्याच्या रेघेपाशी थांबते. हा पट्टा जाडसर असतो, मखमलीवर उलटा हात फिरवल्यासारखा बोटाला लागतो, आणि घडी असेल तिथं जास्त गडद असतो. मुंढ्याचं माप घ्यायला हात वर करायला सांगितला की काखेतही तोच दिसतो. या मुली भर मे महिन्यात कॉलरचा ब्लाऊज मागतात. कितीतरी वर्षं मी त्यांना "अंघोळीला मान घासत जा गं" असं सांगत आले. याचं मला आज फार वाईट वाटतं.

डॉक्टर या काळेपणाला अकँथोसिस निग्रिकन्स म्हणतात. बहुतेक वेळा त्याचं कारण असं की अंगात इन्सुलिन प्रमाणाबाहेर वाढलेलं असतं. ते कातडीच्या पेशींनाही वाढायला लावतं, म्हणून तिथली कातडी जाड आणि काळी होते. तो मळ नसतो. घासून तो जात नाही, कातडी तेवढी सोलते.

हे मला माझ्या मुलीमुळं कळलं, आणि कळायला सात वर्षं लागली.

तिला बाराव्या वर्षी न्हाण आलं. पहिली दोन-तीन वर्षं पाळी मागंपुढं झाली तर त्यात नवल नसतं, तसं आम्हीही धरून चाललो. पण पंधरावं लागलं तरी तीन-तीन, चार-चार महिने यायची नाही. आली की पंधरा दिवस थांबायची नाही, शाळेत दोन-दोन पॅड घेऊन जायची. हनुवटीखाली राठ केस यायला लागले. मान काळी झाली. मी काय केलं? दर रविवारी न्हाणीघरात तिला पाटावर बसवून लिंबू आणि वज्रीनं तिची मान घासली. एकदा रक्त आलं. ती काही बोलली नाही, टॉवेल मानेभोवती गुंडाळून उठून गेली. त्या टॉवेलवरचा डाग माझ्या डोळ्यांसमोरून अजून हलत नाही.

डॉक्टरांकडं नेलं नाही असं नाही. पंधराव्या वर्षी नेलं. तांब्या-दोन तांब्ये पाणी पाजून, लघवी तुंबवून सोनोग्राफीसाठी दीड तास बसवलं. रिपोर्टमध्ये दोन्ही अंडाशयांत बारीक बारीक गाठी लिहिल्या होत्या. 'गाठी' हा शब्द वाचूनच माझे हातपाय गळाले. डॉक्टर म्हणाले, "पीसीओडी आहे. वजन काही जास्त नाही, काळजी नको. या गोळ्या तीन महिने द्या. लग्न झालं की सगळं मार्गी लागतं." गोळ्या घेतल्या की पाळी महिन्याच्या महिन्याला यायची, थांबवल्या की पुन्हा तेच. असं चार वर्षं चाललं. या चार वर्षांत तिच्या मानेकडं कुणी बघितलं नाही आणि साखर कुणी तपासली नाही. ते कोण डॉक्टर होते हे मी लिहिणार नाही. एकट्या त्यांनीच असं केलं असंही नाही. आणि मी तरी काय वेगळं केलं?

ती एकोणीस वर्षांची झाल्यावर एका गिऱ्हाइकानं सांगितलं म्हणून दुसऱ्या डॉक्टर मॅडमकडं गेलो. फायलीत चार वर्षांच्या सोनोग्राफ्या होत्या. मॅडमनी फाईल बाजूला ठेवली आणि पोरीला म्हणाल्या, "वेणी जरा वर धर." मी रोज ज्या शब्दांत सांगते अगदी त्याच शब्दांत. मग त्यांनी विचारलं, घरात शुगर कुणाला आहे? पाळीच्या तारखा लिहून ठेवल्या आहेत का? वजन किती वाढलं? आणि कंबर? कंबरेचा प्रश्न ऐकून मी गप्पच झाले. कारण ते उत्तर माझ्या वहीत होतं.

माझ्याकडं प्रत्येक गिऱ्हाइकाची मापं लिहिलेली वही असते, मुलीचंही पान आहे. घरी येऊन उघडलं. पंजाबी ड्रेसची कंबर: नववीत २७, बारावीत साडेतीस, आणि त्या वर्षीच्या दिवाळीला ३४. दंड तेवढाच, छाती एका इंचानं जास्त, उंची पाच फूट दोन इंच. वजन छप्पन किलो, म्हणजे कुणीही म्हणेल की पोरगी चांगली आहे अंगानं. सगळं माझ्याच अक्षरात होतं. दर वेळी मी मागच्यापेक्षा दोन बोटं कापड जास्त सोडलं आणि पुढं गेले.

आपल्याकडच्या बायकांसाठी कंबर ८० सेंटीमीटरच्या आत हवी असं धरतात, म्हणजे साडेएकतीस इंच. हे माप ब्लाऊजच्या खालच्या पट्टीवर घ्यायचं नाही आणि परकराच्या नाडीवरही नाही. शेवटची बरगडी आणि खुब्याचं हाड यांच्या बरोबर मध्ये, श्वास सोडल्यावर, टेप न आवळता घ्यायचं. हे मी हक्कानं सांगू शकते. वजनाच्या काट्यावर बरी दिसणारी मुलगी आतून चरबी साठवत असते, हे आपल्या भारतीयांच्या बाबतीत जास्त घडतं. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी यावर आयुष्यभर काम केलं आहे. २००४ मध्ये त्यांनी स्वतःचा आणि एका इंग्रज सहकाऱ्याचा फोटो शेजारी शेजारी छापला होता. उंचीच्या मानानं वजनाचा आकडा दोघांचा सारखाच, २२.३. पण चरबी मोजली तर इंग्रज गृहस्थांची ९.१ टक्के आणि डॉक्टरांची २१.२ टक्के. माझी मुलगी बी.एस्सी. करते, तिनं तो फोटो मला फोनवर दाखवला आणि म्हणाली, "आई, हे बघ, मी एकटी नाही."

मॅडमनी ज्या तपासण्या लिहून दिल्या त्या सांगते, कारण आयांनी त्या मागून घ्याव्यात. थायरॉईड आणि प्रोलॅक्टिन (अंगावर दूध आणणारं संप्रेरक), कारण त्यांच्या बिघाडानंही पाळी चुकते. टेस्टोस्टेरॉन, ज्याला पुरुषी संप्रेरक म्हणतात ते. कोलेस्टेरॉल. आणि साखर, पण नुसती उपाशीपोटीची नाही. सकाळी उपाशीपोटी रक्त, मग ७५ ग्रॅम ग्लुकोज पाण्यातून प्यायला देतात आणि दोन तासांनी पुन्हा रक्त. मुलीची उपाशीपोटीची साखर आली ९६. तेवढंच तपासलं असतं तर "नॉर्मल" म्हणून आम्ही पेढे वाटत घरी आलो असतो. दोन तासांनंतरची आली १७१. ती १४०च्या आत असायला हवी, २०० किंवा वर गेली की मधुमेह म्हणतात. पोरगी एकोणीस वर्षांची आणि मधुमेहाच्या उंबऱ्यावर उभी. इन्सुलिन मोजायची महागडी चाचणीही एका पॅकेजमध्ये होती, ती मात्र मॅडमनी पेनानं खोडली. त्यानं उपचार बदलत नाही, म्हणाल्या.

मला तेव्हा एकच कळेना. पाळीचा आणि साखरेचा संबंध काय? मॅडमनी समजावलं ते मी माझ्या भाषेत मांडते.

जेवणातली साखर रक्तातून स्नायूंत आणि लिव्हरमध्ये पोचवायचं काम इन्सुलिन करतं. काही जणींचे स्नायू आणि लिव्हर त्याला पटकन दाद देत नाहीत. पायडलच्या मशिनीचा पट्टा सैल झाला की पाय दुप्पट मारावा लागतो, सुई मात्र संथच चालते, तसं ते. मग स्वादुपिंड जास्त जास्त इन्सुलिन सोडत राहतं. साखर कशीबशी ताब्यात राहते, म्हणून वर्षानुवर्षं रिपोर्टमध्ये काही दिसत नाही. आता असं समजा की त्याच पायडलवर दुसरं एक मशीन जोडलंय आणि त्याचा पट्टा घट्ट आहे. पहिलं चालावं म्हणून तुम्ही दुप्पट पाय मारलात की दुसरं भन्नाट पळणार. ते दुसरं मशीन म्हणजे अंडाशय. वाढलेल्या इन्सुलिनला अंडाशय चांगलं ऐकतं आणि जास्त टेस्टोस्टेरॉन बनवतं. हे संप्रेरक प्रत्येक बाईच्या अंगात थोडं असतंच, त्यात लाजायचं काही नाही. एरवी लिव्हरमध्ये तयार होणारं एक प्रथिन त्याला धरून ठेवतं, मोकळं फिरू देत नाही. इन्सुलिन वाढलं की लिव्हर ते प्रथिनही कमी बनवतं. म्हणजे माल जास्त आणि राखणदार कमी. हनुवटीवरचे केस, मुरुमं, डोक्यावर भांगात विरळ होणारे केस, सगळं तिथून येतं.

मेंदूखालच्या पिट्युटरी ग्रंथीचाही ताल बिघडतो. बीज पिकवायला तिथून एलएच आणि एफएसएच अशी दोन संप्रेरकं येतात. त्यातलं एलएच जास्त सुटतं आणि त्या मानानं एफएसएच कमी पडतं. त्यामुळं दर महिन्याला एक बीज पिकून बाहेर पडायचं ते पडत नाही, बीजकोश अर्ध्यावर थांबतात. सोनोग्राफीत दिसल्या त्या 'गाठी' म्हणजे हे थांबलेले बीजकोश. दोन ते नऊ मिलिमीटरचे, शर्टाच्या बटणापेक्षाही लहान. त्या कापून काढायच्या नसतात, त्यांचा कॅन्सर होत नाही. हे कळलं असतं तर पहिल्या रिपोर्टनंतर मी महिनाभर रात्री जागून काढल्या नसत्या.

मग रक्त एवढं का जातं? बीज बाहेर पडलं नाही की अस्तराची वाढ आवरणारं संप्रेरक, प्रोजेस्टेरॉन, तयार होत नाही. इस्ट्रोजेन हे दुसरं संप्रेरक मात्र चालू असतं, ते गर्भाशयाचं अस्तर वाढवत राहतं. अस्तर हा तर माझा रोजचा शब्द. ब्लाऊजला अस्तर एकावर एक चढवत गेलं तर शेवटी शिवणच उसवेल, तसं ते तीन-चार महिन्यांनी एकदम उसवतं. वर्षानुवर्षं असं होत राहिलं तर पुढं गर्भाशयाच्या अस्तराच्या कॅन्सरचा धोका वाढतो. म्हणून नव्वद दिवस उलटले आणि पाळी आली नाही तर "येईल आज-उद्या" म्हणून बसू नका. पहिल्या डॉक्टरांनी दिलेली गर्भनिरोधक गोळी यासाठी खरोखर उपयोगी असते. ती अस्तर राखते, टेस्टोस्टेरॉनही कमी करते. गोळीवर माझा राग नाही. ती देताना साखरेकडं बघितलं नाही आणि आजार काय आहे हे सांगितलं नाही, यावर आहे.

नावानंही बराच घोटाळा केलेला दिसतो. १९३५ साली शिकागोच्या स्टाईन आणि लेव्हेन्थल या दोन डॉक्टरांनी सात बायकांचा अभ्यास मांडला. त्यात अंडाशयांचं वर्णन होतं, म्हणून आजाराला नाव पडलं ते अंडाशयाचं. त्याच्या आधी १९२१ मध्ये फ्रान्सच्या अशार आणि तिएर या डॉक्टरांनी दाढी येणाऱ्या बायकांना होणाऱ्या मधुमेहाबद्दल लिहिलं होतं. म्हणजे केसांचा आणि साखरेचा धागा शंभर वर्षांपूर्वीच कुणाला तरी दिसला होता. पुढं १९८० मध्ये इन्सुलिन आणि टेस्टोस्टेरॉन सोबत वाढतात हे रक्ताच्या तपासणीत दिसलं. २०१२ मध्ये अमेरिकेतल्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेनं नेमलेल्या तज्ज्ञांनी हे नाव दिशाभूल करतं, ते बदला, असं म्हटलं. एवढं सगळं होऊन आमच्या वाट्याला वाक्य आलं ते "लग्न झालं की मार्गी लागेल."

आणखी एक. २०२३ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांत असं आहे की पहिल्या पाळीनंतर आठ वर्षं होईपर्यंत निदानासाठी सोनोग्राफी वापरूच नये, कारण त्या वयात निरोगी मुलीच्या अंडाशयातही असे बीजकोश भरपूर दिसतात. मुलींमध्ये बघायचं ते दोन गोष्टींकडं: पाळी अनियमित आहे का, आणि टेस्टोस्टेरॉन वाढल्याची लक्षणं आहेत का. त्याच सूचनांत साखरेची ती दोन तासांची तपासणी वजन कितीही असो, या आजाराच्या प्रत्येकीची करावी आणि दर एक ते तीन वर्षांनी पुन्हा बघावी, असं आहे. आमच्याकडं बरोबर उलटं झालं. जी तपासणी नको होती ती चार वेळा झाली आणि जी हवी होती ती एकदाही नाही.

उपचाराचं थोडक्यात सांगते, कारण प्रत्येकीचा उपचार वेगळा आणि तो डॉक्टरांनीच ठरवायचा. मुलीला मेटफॉर्मिन सुरू झालं, मधुमेहात देतात ती गोळी. पहिले दोन आठवडे मळमळायचं, जेवणावर घ्यायला आणि हळूहळू वाढवायला सांगितल्यावर थांबलं. गर्भनिरोधक गोळी आणखी सहा महिने ठेवली, मग थांबवून बघितलं. चुलत जाऊबाई मेटफॉर्मिनचं पाकीट बघून म्हणाल्या, "शुगरची गोळी? अगं, बाहेर कळलं तर स्थळ येईल का?" मी त्यांना काही बोलले नाही, पण त्या दिवसापासून पाकीट फडताळातून काढून जेवणाच्या टेबलावर ठेवायला लागले.

खाण्याचं मात्र जरा सविस्तर लिहायला हवं, कारण आपण कोल्हापूरची माणसं. आमच्या घरी साखर बंद करून पाच वर्षं झाली होती. चहा गुळाचा, शेंगदाण्याची चिक्की गुळाची, पोळीबरोबर गूळ-तूप. गूळ आपला, शेतातला, गुऱ्हाळावरून आणलेला, म्हणून औषधच असं सगळे समजतात. मुलगी दिवसाला चार कप गुळाचा चहा प्यायची, वर मी कौतुक करायचे. मॅडम म्हणाल्या, गूळ म्हणजेही मुख्यतः साखरच, रक्तात गेल्यावर शरीराला तो उसाचा कोणता प्रकार आहे ते कळत नाही. आपल्या गुळाला जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन आहे, त्याचा मला अभिमान आहे. पण ते चवीसाठी आहे, स्वादुपिंडासाठी नाही. पोरीचा चहा आता बिनगोडाचा असतो. भात बंद केला नाही. ताटात आधी मोडाची मटकी किंवा अंडं किंवा रश्श्यातलं मटण, मग भाकरी, भात शेवटी आणि एक वाटी. अमुकच आहार या आजाराला लागू असं काही नाही, असंही त्यांनी स्पष्ट सांगितलं. म्हणजे महागड्या पावडरी घ्यायची गरज नाही.

आणि व्यायाम. माझे वडील तालमीतले. खासबागेत कुस्त्या केलेला माणूस. आजारपणाची सगळी हकीगत ऐकून ते म्हणाले, "बैठका मार म्हणावं तिला." मला वाटलं, झालं, म्हाताऱ्यांचं एकच औषध. पण मॅडमना विचारलं तर त्यांनी मान डोलावली. मांडीचे स्नायू अंगातले सगळ्यांत मोठे. ते काम करायला लागले की इन्सुलिनची फारशी वाट न बघता रक्तातली साखर ओढून घेतात, आणि रोज काम करत राहिले तर इन्सुलिनला पुन्हा दाद द्यायला लागतात. चालणंही हवं, आठवड्याला किमान दीडशे मिनिटं, पण दोन दिवस तरी असा जोराचा व्यायाम हवा. पहिल्या दिवशी पोरगी आठ बैठकांत खाली बसली. आज आजोबा मोजतात आणि ती तीन वेळा वीस-वीस मारते. संध्याकाळी जेवण झालं की आम्ही दोघी रंकाळ्यावर जातो, संध्यामठाकडून एक चक्कर मारतो. ज्या गावात शाहू महाराजांनी कुस्तीसाठी एवढं मैदान उभं केलं, पेठापेठांत तालमी आहेत, काही मुली कुस्तीही खेळतात, तिथं बाकीच्या पोरी बारावीनंतर पळणंसुद्धा सोडतात. तालमींनी संध्याकाळचा एक तास मुलींच्या नुसत्या जोर-बैठकांसाठी ठेवला, तर मी माझ्या गिऱ्हाइकांतल्या वीस जणी घेऊन येते.

चौदा महिन्यांनी दोन तासांची साखर आली १३३. वहीत कंबर साडेबत्तीस. गर्भनिरोधक गोळी थांबवल्यावर पहिली पाळी एकेचाळिसाव्या दिवशी आली, नंतरची छत्तिसाव्या. हनुवटीचे केस हळूहळू कमी होतात, त्याला सहा महिने आणि वर लागतात, म्हणून मध्येच सोडू नये. मान अजून पूर्ण उजळली नाही, पण घड्या मऊ झाल्या आहेत. तिच्या मानेला लिंबू लावायला मी परत हात लावला नाही.

मुलीच्या निमित्तानं मॅडमनी माझीही साखर तपासायला लावली. माझीही पाळी तरुणपणी कधी वेळेवर नव्हती. "हिला उशिराच येते" म्हणून सासूबाई सोडून द्यायच्या. लग्नानंतर सहा वर्षांनी मूल झालं. त्या सहा वर्षांत मी जोतिबाला आणि अंबाबाईला काय काय बोलले ते त्यांनाच माहीत. आणि बाकीच्यांनी मला काय ऐकवलं तेही. मला कुणी कधी तपासलं नाही. आता चव्वेचाळिसाव्या वर्षी मधुमेह निघाला. हा आजार घराण्यात चालतो. मुलीची वही उघडली आणि माझंच पान वाचल्यासारखं झालं.

जागतिक आरोग्य संघटनेचा २०२३ मधला अंदाज असा की पाळीच्या वयातल्या शंभर बायकांत आठ ते तेरा जणींना हा आजार असतो, आणि त्यांतल्या सत्तर टक्क्यांपर्यंत जणींना तो आहे हेच माहीत नसतं. साठ मुलींच्या कॉलेजच्या वर्गात पाच ते आठ जणी. त्यांतल्या बहुतेकींना शिंप्याकडं किंवा पार्लरमध्ये कुणीतरी आधी बघतं आणि डॉक्टर फार नंतर. म्हणून माझं म्हणणं माझ्याच धंद्यातल्या बायकांशी आहे. मागचा गळा मापताना काळा मखमली पट्टा दिसला, दर पंधरवड्याला हनुवटीचं थ्रेडिंग करायला पोरगी आली, तर हसू नका, उपाय सुचवू नका. तिला किंवा तिच्या आईला बाजूला घेऊन विचारा की पाळी वेळेवर येते का, आणि साखर ग्लुकोज पिऊन दोन तासांनी तपासली आहे का. चारचौघांत विचारू नका. मी एकदा ही चूक केली. दुकानात तीन बायका बसल्या असताना विचारलं, तर त्या मुलीच्या आईनं न बोलता कापड उचललं आणि निघून गेली. तिचं चुकलं नाही. त्यानंतर मी मापाच्या वेळी पडदा ओढूनच विचारते, आणि आधी माझ्या मुलीचं सांगते.

शाळांत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक येतं, अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी होते. आठवीपासून पुढच्या मुलींची मान बघणं आणि पाळीच्या तारखा विचारणं याला ना मशीन लागतं ना पैसा. शिक्षिकांनी एवढं लावून धरावं.

आणि संपादक महोदय, आपल्याला विनंती. मानेच्या काळेपणाचे उपाय ज्या पानावर आले, त्याच पानावर, तेवढ्याच मोठ्या अक्षरांत हे छापा. ती पुरवणी बायका जपून ठेवतात, मी स्वतः ठेवते. माझं नाव आपल्या दप्तरी आहे, ते छापू नका. मला किंवा माझ्या मुलीला लाज वाटते म्हणून नाही. नाव आलं तर माझ्याकडं पडद्याआड बोललेल्या मुलींना वाटेल की काकी आपलंही लिहितील.

पुरवणीचं पान घेऊन आलेली ती मुलगी सोमवारी आईबरोबर ग्लुकोजच्या तपासणीला जाऊन आली. शुक्रवारी ती ट्रायलला येणार आहे. तिच्या ब्लाऊजच्या बाह्या आणि पुढचा भाग शिवून झाला आहे. मागच्या भागावर खडूची खूण केली आहे, गळा अजून कापलेला नाही. किती खोल ठेवायचा ते तीच येऊन सांगणार आहे.

आपली नम्र,
शिलाईकाम करणारी एक वाचक,
मंगळवार पेठ, कोल्हापूर